सिंहलद्वीपाचे प्रेषित संत जोसेफ वाझ

परमेश्वराच्या कृपेनें आपल्या ख्रिस्तमंदिराच्या ज्युबिलीचा हा मंगल प्रसंग आपणांस लाभला आहे. अशा वेळीं मागें वळून पाहण्याची चाल आहे व ती योग्यच होय. ह्या स्मरणिकेच्या इतर पानांवर आपल्या ख्रिस्तमंदिराचा वृत्तांत, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची नामावळि व देणगीदारांचीं नांवें वाचकांस आढळतील. आमच्याकडे एका संताचें चरित्र लिहिण्याचें काम आलें, तेव्हां आमच्या मनापुढें जें नांव प्रथम उभें राहिलें तें गोव्याचे सुपुत्र व सिंहलद्वीपाचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, प्रेषित संत जोसेफ वाझ ह्यांचें होय.

ज्युबिलीच्या पुस्तकांत हें चरित्र देण्याचें कारण असें. ज्या लोकांच्या सेवेसाठीं ह्या साधुपुरुषानें आपला देह झिजविला, त्यांच्यापाशीं ख्रिस्तमंदिर नव्हतें, घंटा नव्हती, वेदी नव्हती आणि धर्मगुरुहि नव्हता. उत्सव करण्याजोगें डोळ्यांस दिसणारें असें त्यांच्याजवळ कांहींच उरलें नव्हतें. तरीहि त्यांनीं आपली श्रद्धा सोडली नाहीं. आपल्यापाशीं आज जें आहे तें सर्व गेलें तर मागें काय उरेल, असा प्रश्न ज्युबिलीच्या दिवशीं प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबानें स्वतःस विचारावा असें आम्हांस वाटतें. आणि त्याचें उत्तर ह्या चरित्रांत आहे.

जन्म व शिक्षण

जोसेफ वाझ ह्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं गोव्यांतील साष्टी प्रांतांत बाणावली ह्या गांवीं झाला. वडिलांचें नांव ख्रिस्तोव्हांव वाझ व आईचें मारिया द मिरांदा. आईचें माहेर सांकवाळ. सहा भावंडांत जोसेफ हे तिसरे. बाणावलीच्या संत योहान बाप्तिस्ता ह्यांच्या ख्रिस्तमंदिरांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. सांकवाळ येथें ते पोर्तुगीज शिकले, बाणावलीस लॅटिन शिकले आणि पुढील अभ्यासासाठीं गोवें शहरीं गेले. तेथें जेज्वितांच्या संत पॉल कॉलेजांत व त्यानंतर डोमिनिकन संघाच्या विद्यालयांत त्यांनीं तत्त्वज्ञान व ईश्वरज्ञान ह्यांचें अध्ययन पुरें केलें. १६७६ सालीं गोव्याचे आर्चबिशप आंतोनियो ब्रांदांव ह्यांच्या हस्तें त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

दीक्षा मिळतांच त्यांनीं पादत्राणांचा त्याग केला व गोरगरिबांप्रमाणें ते अनवाणी चालूं लागले. प्रवचनकार म्हणून व पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरु म्हणून त्यांची कीर्ति लवकरच सर्वत्र झाली. सांकवाळ येथें मुलांसाठीं त्यांनीं लॅटिनची शाळा काढली. ५ ऑगस्ट १६७७ रोजीं त्याच गांवीं त्यांनीं एक पत्र लिहून आपण पवित्र मारियेचे आजन्म दास आहों असें देवापुढें लिहून दिलें. व्यवहारांत खरेदीखत करतांना मनुष्य जसा आपला हक्क कायमचा सोडून देतो, तसा ह्या तरुण धर्मगुरूनें स्वतःवरचा आपला हक्क त्या दिवशीं सोडून दिला. त्यांचें वय त्या वेळीं सव्वीस वर्षांचें होतें. पुढील चौतीस वर्षांत त्यांनीं जें जें सोसलें, त्याचें मूळ ह्या पत्रांत आहे असें आम्ही समजतों.

कानडा प्रांत व गोव्यांतील ओरेटरी

सिंहलद्वीपांतील ख्रिस्ती लोकांच्या हालअपेष्टांची वार्ता ह्याच सुमारास त्यांच्या कानीं आली आणि त्यांचें चित्त तिकडे ओढ घेऊं लागलें. परंतु वरिष्ठांची आज्ञा निराळी होती. १६८१ सालीं त्यांस कानडा प्रांतीं पाठविण्यांत आलें. मंगळूर, बसरूर, गंगोळी अशा ठिकाणीं पायीं हिंडून त्यांनीं विखुरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांस पुन्हां एकत्र आणिलें, मोडकळीस आलेलीं प्रार्थनामंदिरें उभीं केलीं व मुलांच्या शिक्षणाची सोय केली. त्या प्रांतांत पोर्तुगालच्या राजाचा धर्माश्रय मानणारे व रोमच्या धर्मप्रचार मंडळाकडून आलेले अशा दोन पक्षांत अधिकाराचा मोठा वाद पेटला होता. एका पक्षाचे धर्मगुरु दुसऱ्या पक्षाच्या हातून घेतलेले संस्कार रद्द समजत, आणि भोळ्या लोकांच्या मनांत गोंधळ उडे. फादर वाझ ह्यांनीं आपल्या वरिष्ठांशीं निष्ठा राखली व प्रतिपक्षाशीं नम्रता सोडली नाहीं. ह्या तीन वर्षांत त्यांनीं जो संयम शिकला तो पुढें अंधारकोठडींत त्यांच्या उपयोगीं पडला.

१६८४ सालीं ते गोव्यास परतले. त्या काळीं युरोपांतून आलेले बहुतेक धर्मसंघ एतद्देशीय धर्मगुरूंस आपल्यांत घेत नसत. म्हणून कांहीं गोंयकार धर्मगुरु जुन्या गोव्याच्या टेंकडीवरील चमत्काराच्या पवित्र क्रुसाच्या ख्रिस्तमंदिरापाशीं एकत्र राहून प्रार्थनेचें व सेवेचें जीवन कंठीत होते. १६८५ सालीं फादर वाझ त्यांस जाऊन मिळाले व लवकरच त्यांचे प्रमुख निवडले गेले. संत फिलिप नेरी ह्यांच्या नियमानुसार चालणारी ही ओरेटरी संपूर्णपणें देशी धर्मगुरूंची होती. तिच्यांतूनच पुढें दीड शतकभर सिंहलद्वीपास धर्मगुरु जात राहिले. आपल्याच कोंकणपट्टीच्या मातींतील माणसांनीं, कोणाहि राजाच्या आरमाराचा आधार न घेतां, समुद्रापलीकडील एका समाजाची श्रद्धा राखिली, ही गोष्ट आपल्या मुलांस अवश्य सांगावी.

मेंढपाळावांचून कळप

आतां सिंहलद्वीपाची स्थिति थोडक्यांत सांगितली पाहिजे. पोर्तुगीजांच्या अमदानींत त्या बेटाच्या किनारपट्टीवर, विशेषेंकरून जाफना, मन्नार, नेगोंबो व कोलंबो ह्या भागांत, ख्रिस्ती धर्माचा बराच प्रसार झाला होता. पुढें डच, ज्यांस आपले पूर्वज वलंदेज म्हणत, त्यांनीं पोर्तुगीजांचा पाडाव केला. १६५६ सालीं कोलंबो पडलें व १६५८ सालीं मन्नार आणि जाफना त्यांच्या हातीं गेलें. नवे राज्यकर्ते काल्व्हिनपंथी होते. त्यांनीं सर्व कॅथॉलिक धर्मगुरूंस बेटाबाहेर घालविलें. ख्रिस्तमंदिरें आपल्या पंथाकडे घेतलीं. आणि कॅथॉलिक धर्मगुरूस जो आसरा देईल किंवा लपवील त्यास देहांत शासन होईल असा जाहीरनामा काढिला. मुलांनीं सरकारी शाळेंत जाऊन त्यांच्याच पंथाची प्रश्नोत्तरी शिकावी, बाप्तिस्मा व विवाह त्यांच्याच उपदेशकापुढें व्हावा, असा दंडक पडला. त्यांच्याकडे नोंदलें न गेलेलें लग्न कायद्यानें लग्न मानलें जात नसे.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. पोर्तुगीजांची सत्ताहि तलवारीच्या बळावर आली होती, आणि तिच्या काळीं त्या बेटांतील अन्यधर्मीयांस व त्यांच्या मंदिरांस पुष्कळ सोसावें लागलें होतें. त्यामुळें कॅथॉलिक मनुष्य म्हणजे पोर्तुगीजांचा हस्तक असा संशय सर्वांच्या मनांत होता. राज्यकर्त्यांच्या वैराचें फळ मात्र भोगावें लागलें तें गरीब कोळ्यांस, शेतकऱ्यांस व मजुरांस. त्यांच्या हातीं ना पहिली सत्ता होती ना दुसरी.

जवळजवळ तीस वर्षें ह्या लोकांस धर्मगुरु दिसला नाहीं. तीस वर्षें म्हणजे एक संपूर्ण पिढी. मूल जन्मास आलें, वाढलें, त्याचें लग्न झालें, त्यास मुलें झालीं, परंतु त्यानें पवित्र मिस्सा एकदांहि पाहिली नव्हती. म्हातारींकोतारीं माणसें अंत्यतैलाभ्यंगावांचून डोळे मिटीत. अशा स्थितींत घराघरांतून दार लावून हळू आवाजांत जपमाळ म्हटली जाई. आईबाप मुलांस क्रुसाची खूण व मुखोद्गत प्रार्थना शिकवीत. बाहेर सरकारी प्रश्नोत्तरी व आंत आजीची शिकवण, अशीं दोन जगें त्या मुलांनीं सांभाळलीं. कित्येकांचा धीर सुटला हेंहि खरें आहे. पण जे टिकले ते कोणाच्या देखरेखीवांचून टिकले, हें विसरतां येत नाहीं.

भिकाऱ्याच्या वेषांत

१६८६ सालीं फादर वाझ ह्यांनीं ओरेटरीचें प्रमुखपद सोडलें आणि जुवांव नांवाच्या एका विश्वासू सेवकास बरोबर घेऊन ते दक्षिणेकडे निघाले. सिंहलद्वीपांत धर्मगुरु म्हणून उतरणें अशक्य होतें. म्हणून त्यांनीं आपला झगा उतरविला, कमरेस एक साधें वस्त्र गुंडाळिलें व हमालाच्या वेषांत ते तुतिकोरीनहून तारवांत बसले. मिस्सेचें साहित्य त्यांनीं मोठ्या शिताफीनें सामानांत दडविलें होतें. १६८७ सालीं पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास ते जाफन्यास पोहोंचले.

प्रवासाच्या हालांनीं त्यांचें शरीर पार खचलें होतें. किनाऱ्यावर पाऊल ठेवल्यावर थोड्याच वेळांत तीव्र अतिसारानें त्यांस आडवें केलें. परमुलूख, परकी भाषा, खिशांत कवडी नाहीं आणि ओळखीचें असें कोणी नाहीं. चरित्रकार सांगतात कीं ह्या अनोळखी आजारी भिकाऱ्याची दया येऊन एका स्त्रीनें त्यास पेज आणून दिली व त्या पेजेवर त्यांचा जीव तगला. सिंहलद्वीपास तीस वर्षांनीं मिळालेला धर्मगुरु असा एका वाटीभर पेजेनें वांचला. ज्यांची सेवा करण्यास ते आले होते, त्यांनीं प्रथम त्यांची सेवा केली.

बरें वाटूं लागल्यावर खरी अडचण उभी राहिली. ह्या गांवांत कॅथॉलिक कोण हें ओळखावें कसें? उघड विचारावें तर पकडले जाण्याची भीति, आणि लोकहि हेरांच्या धाकानें तोंड उघडीत नसत. तेव्हां त्यांनीं एक मोठी जपमाळ गळ्यांत घातली व ते दारोदार भिक्षा मागत हिंडूं लागले. कोणी ती पाहून तोंड फिरवी, कोणी हुसकावून लावी. परंतु एखाद्या दारीं माळेकडे पाहणाऱ्याच्या नजरेंत निराळाच भाव दिसे. अशा घरीं ते पुन्हां जात, हळूहळू बोलणें काढीत आणि पुरती खात्री पटल्यावरच आपण धर्मगुरु आहों असें सांगत. त्या क्षणीं त्या घरच्या माणसांस काय वाटलें असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

जाफन्याजवळील सिल्लालै ह्या गांवीं कॅथॉलिकांची वस्ती मोठी व निश्चयी होती. तेथें त्यांनीं आपलें ठाणें केलें. तामीळ भाषा त्यांनीं मन लावून आत्मसात केली. दिवसां ते भिकारी किंवा मजूर म्हणून वावरत. रात्रीं एखाद्या घरीं लोक जमत. पापनिवेदन, बाप्तिस्मा, विवाह, मिस्सा असें सर्व कांहीं पहाट होण्यापूर्वीं उरकलें जाई, आणि उजाडतां उजाडतां ते दुसऱ्या गांवच्या वाटेस लागत.

१६८९ चा नाताळ

डच अधिकाऱ्यांस ह्याचा सुगावा लागल्यावांचून राहिला नाहीं. १६८९ च्या नाताळांत कॅथॉलिक लोक मध्यरात्रीच्या मिस्सेसाठीं एका घरीं जमले असतां शिपायांनीं धाड घातली. सुमारें तीनशें लोक पकडले गेले. फादर वाझ मात्र त्यांच्या हातीं लागले नाहींत. पुढें बायकामुलांस सोडण्यांत आलें, पण आठ प्रमुख पुरुषांस चाबकाचे अमानुष फटके मारण्यांत आले. त्यांपैकीं डोम पेद्रो ह्यांनीं पूर्वीं काल्व्हिनपंथ सोडून कॅथॉलिक धर्म स्वीकारिला होता. त्यांचा त्या मारानें प्राण गेला. उरलेल्या सात जणांस जन्मभर सक्तमजुरीची शिक्षा झाली.

ह्या ठिकाणीं वाचकांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. धर्मगुरु वांचला आणि लोकांनीं मार खाल्ला. ज्या मिस्सेस आपण कधीं उशिरां जातों, जिच्यांत आपलें लक्ष घरच्या कामाकडे असतें, त्या एका मिस्सेसाठीं आठ घरांचे कर्ते पुरुष गेले. त्यांतील कोणी धर्मगुरूचा ठावठिकाणा सांगून आपली सुटका करून घेतली नाहीं. आम्ही स्वतः धर्मगुरु असल्यामुळें ही हकीकत लिहितांना आमची लेखणी जड होते. आमच्या हातून प्रभूचें शरीर घेण्यासाठीं लोकांनीं केवढी किंमत दिली आहे, ह्याचें भान प्रत्येक धर्मगुरूनें वेदीवर जातांना ठेविलें पाहिजे. आपल्यामुळें दुसऱ्यांच्या पाठी फुटल्या हें शल्य उराशीं बाळगून फादर वाझ ह्यांस पुढें जगावें लागलें. असें असतां त्यांनीं गोव्याची वाट धरली नाहीं. आपण परत गेलों तर त्या आठ जणांनीं जें सोसलें तें व्यर्थ जाईल, इतकें त्यांस निश्चित समजलें असावें.

कॅंडीच्या तुरुंगांत

१६९० सालीं ते पुत्तलम भागांत गेले. हा मुलूख डचांच्या ताब्यांत नसून बेटाच्या मध्यभागीं राज्य करणाऱ्या कॅंडीच्या बौद्ध राजाचा होता. तेथून १६९२ सालीं ते राजधानींत, कॅंडी शहरीं, गेले. त्या वेळीं विमलधर्मसूर्य दुसरा हा राजा गादीवर होता. लानरोल नांवाच्या एका फ्रेंच काल्व्हिनपंथी गृहस्थानें, हा मनुष्य पोर्तुगीजांचा हेर आहे, असें राजाच्या कानावर घातलें आणि फादर वाझ ह्यांस तुरुंगांत टाकण्यांत आलें.

तुरुंगांत त्यांनीं दोन कामें केलीं. पहिलें, ते सिंहली भाषा शिकले. दुसरें, पहारेकऱ्यांची नजर थोडी सैल होतांच त्यांनीं आवारांत एक झोंपडी उभारून तिचें प्रार्थनामंदिर केलें व तेथें मिस्सा होऊं लागली. कॅंडींत पिढ्यान् पिढ्या राहिलेले कॅथॉलिक हळूहळू त्या झोंपडीपाशीं येऊं लागले. ज्या धर्मगुरूस लोकांकडे जाण्याची मनाई होती, त्याच्याकडे लोकच आले. पुढें त्या झोंपडीच्या जागीं पवित्र मारियेच्या नांवें एक ख्रिस्तमंदिर झालें.

एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. १६८७ पासून जवळजवळ दहा वर्षें त्या सबंध बेटांत दुसरा धर्मगुरु नव्हता. हजारोंचें पापनिवेदन ऐकणाऱ्या ह्या साधूस स्वतःचें पापनिवेदन करण्यास कोणी नव्हतें. त्याच्या आजारांत त्यास अंत्यतैलाभ्यंग देण्यास कोणी नव्हतें. तीस वर्षें त्या लोकांनीं जें दुःख भोगलें होतें, तें त्यांच्या मेंढपाळानेंहि दहा वर्षें भोगलें.

१६९६ सालीं कॅंडींत भयंकर अवर्षण पडलें. परंपरा अशी आहे कीं बौद्ध भिक्षूंच्या प्रार्थनांनंतरहि पाऊस न आल्यामुळें राजानें फादर वाझ ह्यांस देवाची करुणा भाकण्यास सांगितलें. त्यांनीं चौकांत वेदी मांडली, तीवर क्रूस ठेविला व गुडघे टेकून प्रार्थना केली. मुसळधार पाऊस कोसळला आणि वेदी व तिच्यापाशीं गुडघे टेकलेला धर्मगुरु कोरडे राहिले. राजानें त्यांस आपल्या राज्यांत धर्मोपदेश करण्याची मोकळीक दिली.

सालभरानें, १६९७ सालीं, शहरांत देवीची सांथ आली. राजा व धनिक लोक शहर सोडून गेले; रोग्यांस त्यांच्या घरच्यांनींच रानांत टाकून दिलें. त्याच सुमारास गोव्याच्या ओरेटरीहून धर्मगुरु मदतीस आले होते. त्यांत फादर वाझ ह्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो हे होते. मामाभाचे रोज रानांत जात, रोग्यांसाठीं झोंपड्या बांधीत, अन्न शिजवून भरवीत, जखमा धूत आणि मेलेल्यांस आपल्या हातांनीं मूठमाती देत. रोगी बौद्ध आहे कीं ख्रिस्ती हें त्यांनीं विचारिलें नाहीं. पावसापेक्षां ह्या सेवेचाच राजाच्या मनावर अधिक खोल परिणाम झाला असें आम्हांस वाटतें. ख्रिस्ताचें नांव घेणाऱ्या राज्यकर्त्यांनीं ज्या धर्मगुरूची शिकार केली, त्यास एका बौद्ध राजानें आसरा दिला, हें आपण कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे.

मिशनची उभारणी व अंतकाळ

नव्या धर्मगुरूंनीं आणखी एक वार्ता आणिली होती. कोचीनच्या बिशपांनीं फादर वाझ ह्यांस सिंहलद्वीपाचे व्हिकर जनरल नेमिलें होतें. ह्या पदानें त्यांच्या राहणींत तिळमात्र फरक पडला नाहीं. ते पूर्वींप्रमाणेंच अनवाणी, एक वेळचें साधें अन्न घेऊन, डचांच्या मुलुखांतहि वेष पालटून कोलंबोपर्यंत हिंडत राहिले. पुढें बिशपपदाची गोष्ट निघाली असतां त्यांनीं ती नम्रपणें दूर सारिली.

१७०५ सालीं आणखी धर्मगुरु आल्यावर त्यांनीं बेटाचे आठ विभाग केले व प्रत्येकावर एक धर्मगुरु नेमिला. धर्मगुरूची फेरी गांवोगांव वर्षांतून फार थोड्या वेळां होई, म्हणून प्रत्येक वस्तींत त्यांनीं मुप्पु व अण्णावी नेमिले. हे गांवांतलेच साधे गृहस्थ असत. रविवारीं लोकांस जमवून प्रार्थना चालविणें, मुलांस धर्मशिक्षण देणें, मरणाऱ्याजवळ बसून त्यास धीर देणें, संकटकाळीं बालकांस बाप्तिस्मा देणें, हीं कामें ते करीत. धर्मगुरु पुन्हां नाहींसे झाले तरी समाज उभा राहावा अशी ती तजवीज होती. ग्रंथरचनेकडेहि त्यांनीं लक्ष पुरविलें. १७०५ सालींच आलेले दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्व्हिस ह्यांस त्यांनीं ह्या कामीं उत्तेजन दिलें. सिंहली कॅथॉलिक साहित्याचे ते जनक मानले जातात.

१७०७ सालीं विमलधर्मसूर्य वारला व त्याचा पुत्र नरेंद्रसिंह गादीवर आला. त्यानेंहि फादर वाझ ह्यांस पित्याप्रमाणें मान दिला. परंतु चोवीस वर्षांच्या वणवणीनें, उपासांनीं व आजारांनीं त्यांचा देह आतां थकला होता. १६ जानेवारी १७११ रोजीं कॅंडी शहरीं, साठावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, त्यांनीं आपला आत्मा परमेश्वराच्या हातीं दिला. ज्या शहरांत ते कैदी म्हणून आले होते, त्याच शहरांत त्यांच्या देहाच्या दर्शनासाठीं लोकांची रीघ लागली.

त्यांच्या पश्चात्

मनुष्याच्या कार्याची परीक्षा त्याच्या मरणानंतर होते. अठराव्या शतकाच्या मध्यास कॅंडीच्या राज्यांतूनहि धर्मगुरूंस घालवून देण्यांत आलें. डचांचा अंमल १७९६ पर्यंत राहिला आणि इंग्रजी अमलांत कॅथॉलिकांवरील निर्बंध १८०६ सालीं उठले. म्हणजे फादर वाझ ह्यांच्या मृत्यूनंतरहि जवळजवळ शंभर वर्षें त्या समाजास अडचणींत काढावीं लागलीं. परंतु ह्या वेळीं त्यांच्यापाशीं मुप्पु व अण्णावी होते, आपल्या भाषेंतील प्रार्थना व ग्रंथ होते, आणि अधूनमधून गोव्याहून येणारा एखादा धर्मगुरु होता. तो समाज टिकला, वाढला, व आज श्रीलंकेंतील ख्रिस्तसभा सिंहली व तामीळ ह्या दोन्ही भाषांत प्रभूची स्तुति करीत आहे. कॅंडींतील त्यांच्या कबरेची खूण मात्र उरली नाहीं.

पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीं २१ जानेवारी १९९५ रोजीं कोलंबो येथें त्यांस धन्य म्हणून घोषित केलें. पोप फ्रान्सिस ह्यांनीं १४ जानेवारी २०१५ रोजीं त्याच शहरीं समुद्रकांठच्या गॉल फेस मैदानावर त्यांस संतपद दिलें. त्यांचा सण १६ जानेवारी रोजीं पाळला जातो.

आपल्यासाठीं बोध

आपल्या उत्तर कोंकणच्या ख्रिस्ती समाजास वसईचे संत गोन्सालो गार्सिया ह्यांची थोरवी निराळी सांगावयास नको. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें क्रुसावर त्यांनीं एका दिवशीं आपला प्राण दिला. संत जोसेफ वाझ ह्यांनीं तोच प्राण चोवीस वर्षें, रोज थोडाथोडा, दिला. पहिलें मरण आपल्यापैकीं फार थोड्यांच्या वांट्यास येईल. दुसरें मात्र प्रत्येक आईबापाच्या, प्रत्येक आजाऱ्याच्या व प्रत्येक गरिबाच्या वांट्यास येतें.

१७३९ सालीं वसईचा किल्ला पडल्यावर युरोपीय धर्मगुरु निघून गेले, तेव्हां देशी धर्मगुरूंनीं व आपल्या पूर्वजांनीं आपली श्रद्धा जतन केली. २०२० सालीं सांथीच्या रोगामुळें ख्रिस्तमंदिरांचीं दारें कित्येक महिने बंद राहिलीं, हें तर आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. त्या दिवसांत ज्या घरीं संध्याकाळची जपमाळ आधींपासून चालत होती, त्या घरीं ती चालूच राहिली. ज्या घरीं धर्म केवळ रविवारच्या घंटेवर अवलंबून होता, तेथें घंटेबरोबर तोहि थांबला. सिंहलद्वीपाच्या लोकांनीं तीस वर्षांत जें सिद्ध केलें, तें आपण थोड्या महिन्यांत पाहिलें.

संकटांत टिकणारी श्रद्धा संकटाच्या दिवशीं निर्माण होत नाहीं. ती त्यापूर्वीं, सुखाच्या काळीं, घरच्या ओट्यावर व माजघरांत, आजीच्या मांडीवर तयार होत असते. आपलें हें ख्रिस्तमंदिर सुंदर आहे व त्यासाठीं ज्यांनीं घाम गाळिला त्यांचे आपण ऋणी आहों. परंतु ह्या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें एवढा एक निश्चय करावा, कीं रात्रीची सामुदायिक प्रार्थना आमच्या घरीं कोणत्याहि कारणानें बंद पडणार नाहीं, आणि आमच्या शेजारीं एखादें घर दुःखानें, कर्जानें वा आजारानें खचून धर्मापासून दूर गेलें असेल तर आम्ही त्याच्या दारीं जाऊं. संत जोसेफ वाझ गळ्यांत जपमाळ घालून दारोदार गेले तें ह्याच हेतूनें. ज्या अनामिक स्त्रीनें त्यांस पेजेची वाटी दिली तिचेंहि स्मरण आपण ठेवूं.

प्रभु येशू ख्रिस्त आपल्या सर्व कुटुंबांस अखेरपर्यंत श्रद्धेंत स्थिर ठेवो. पवित्र मारिया आपणांस तिच्या ह्या विश्वासू दासाप्रमाणें नम्रता व चिकाटी मिळवून देवो. संत जोसेफ वाझ, आम्हांसाठीं विनंति करा.